तोंडाला तोंड लावलेली दोन मडकी

आप्पांना कुणी विष घालील असं मला कधीच वाटलं नाही. त्यांना मात्र ते रोज वाटायचं. बरं, विष घालून कुणाच्या हाती काही लागावं असं त्यांच्याकडे फारसं नव्हतंही. कारेगावात एक दुमजली घर, इनामगावला घोड नदीच्या काठी थोडी ज्वारी आणि दौंडच्या रेल्वे पार्सल ऑफिसात आयुष्यभर कामाला लावलेलं एक नाक, एवढीच इस्टेट. पण हा माणूस चहासुद्धा समोरच्यानं त्याच किटलीतला पहिला घोट घेतल्यावर प्यायचा, आणि तोही मनातल्या मनात वीस मोजून. ओठ हलताना मी स्वतः पाहिले आहेत.

मी तेव्हा रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत एका कोरियन कंपनीच्या ऑफिसात होते आणि आप्पांच्या घरात तळमजल्यावरच्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहत होते. मागच्या दोन खोल्यांत आप्पा एकटे. बायको जाऊन तीन वर्षं झालेली, मुलगा पुण्यात. स्वयंपाक स्वतःच करायचे आणि केलेल्या स्वयंपाकावरही त्यांचा पहारा असायचा. लोणच्याच्या बरणीवर पेन्सिलीनं खूण केलेली होती. भाकरीच्या डब्याला दोरा बांधलेला असायचा आणि त्याची गाठ अशी, की दुसऱ्या कुणी सोडली तर पुन्हा तशी बसू नये.

"आप्पा, तुमचं लोणचं कोण खाणार आहे?" मी एकदा विचारलं.

"तेच तर बगायचं हाय," आप्पा म्हणाले.

लग्नात ते कधी पहिल्या पंगतीला बसले नाहीत. लोकांना वाटायचं, केवढा हा विनय! पहिली पंगत उठून, हात धुऊन, चार पावलं चालायला लागली, की मगच आप्पा पाटावर टेकायचे. मला त्यांनी हे कारण अगदी मोकळेपणानं सांगितलं आणि वर म्हणाले, "तू बी तसंच करीत जा." जगात फक्त बायकोच्या हातचं त्यांनी न तपासता खाल्लं होतं. "तिच्या हातचं म्हंजी, ताटाकडं बगायचं बी काम नव्हतं," असं एकदाच म्हणाले आणि विषय बदलला.

दौंडला असताना त्यांच्या नाकाची दहशत होती म्हणे. हे अर्थात त्यांनीच सांगितलेलं, म्हणजे संशय घ्यायला जागा आहे. एकानं खोक्यावर 'पुस्तके' असं लिहून पार्सल आणलं. आप्पांनी खोक्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "कसली पुस्तकं?" तो म्हणाला, "शाळेची." आप्पा म्हणाले, "शाळेची पुस्तकं वाचायची असत्यात, वाळत घालायची नसत्यात." खोकं उघडलं तर आत बोंबील. ही गोष्ट मी त्यांच्याकडून किमान नऊ वेळा ऐकली. दर वेळी बोंबील तेच असायचे, पण गाडी वेगळी असायची.

दुसरी गोष्ट मात्र त्यांनी मला एकदाच सांगितली. मिसरूड फुटायच्या वयात ते इनामगावला उत्खननाच्या कामावर रोजंदारीला जात. बाप मेंढरांमागे फिरणारा, ह्यांना मात्र एका जागी बसून माती काढायचं काम आवडायचं. तिथल्या साहेबांनी त्यांच्या हातात खुरपं आणि रंगाचा ब्रश दिला आणि मडक्याला धक्का न लावता माती कशी झाडायची ते शिकवलं. एका जुन्या घराच्या जमिनीखाली त्यांना दोन मडकी लागली, तोंडाला तोंड लावून ठेवलेली. आत लहान लेकराची हाडं होती. हजारो वर्षांपूर्वीची माणसं आपलं मेलेलं मूल असं मडक्यात घालून घरातच पुरायची, हे साहेबांनी सगळ्या मजुरांना समजावून सांगितलं.

"लांब न्हेऊन ठेवायला जीव झाला नसंल आईला," आप्पा म्हणाले. "मला त्या दिशी भाकर गेली न्हाई." मी ऐकलं, हळहळले आणि विसरून गेले. ते मात्र विसरले नव्हते.

आमच्या कंपनीत हान नावाचे इंजिनिअर कोरियाहून दोन वर्षांसाठी आले. बाकीचे कोरियन पुण्यात राहायचे, पण हानसाहेबांना रोजचा चार तासांचा प्रवास नको होता. वरचा मजला रिकामा होता. मी मध्यस्थी केली.

"चीनचं का?" आप्पांनी विचारलं.

"कोरियाचे."

"चीनचं न्हाईत हे कशावरनं?"

मी पासपोर्टची झेरॉक्स दाखवली. ती त्यांनी उजेडात धरून पाहिली. शेवटी हानसाहेब, त्यांची बायको मिन्जी आणि चार वर्षांची युना वर राहायला आले, तरी आप्पांच्या मनातली पाल चुकचुकतच राहिली. मुलीच्या नावावरूनच सुरुवात झाली. "युना कसलं? यमुना आसंल. अर्धं नाव सांगत्यात म्हंजी कायतरी लपवत्यात." त्या दिवसापासून ती कारेगावपुरती यमुना झाली.

पहिल्याच आठवड्यात ते माझ्या खोलीत आले आणि दार लोटून घेतलं. "बाई पोरीला कार्बन पेपर चारती."

"काय?"

"काळा कागद. भाताला गुंडाळून. मी पार्सलला किती फाडलेत, मला वळखू येत न्हाई व्हय?"

ते समुद्रातलं शेवाळ असतं, वाळवून कागदासारखं करतात, तिकडे सगळे खातात, असं मी सांगितलं. त्यावर आप्पांनी असा काही चेहरा केला, की त्यापेक्षा कार्बन पेपर बरा. मिन्जीला मराठी येत नव्हती, इंग्रजी जेमतेम. ती फोनमध्ये कोरियन बोलायची आणि फोन मराठीत बोलायचा. एका सकाळी ती जिन्यावरून उतरली, वाकून नमस्कार केला, आणि फोन ठणठणीत आवाजात म्हणाला, "आपण भोजन केले आहे का?"

आप्पा दोन पावलं मागे सरले. नंतर मला म्हणाले, "मी जेवलो का न्हाई, हिला कशाला पायजे?"

"आप्पा, तुम्ही दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्याला जेवला का म्हणूनच विचारता ना? त्यांच्याकडेही तीच पद्धत आहे."

"आमचं वेगळं. आमी उगंच इचारतो."

खरी गंमत पुढेच झाली. कोरियन भाषेत मुलं वडिलांना 'आप्पा' म्हणतात. उच्चार अगदी हाच. युना गॅलरीत येऊन बापाला हाक मारायची, "आप्पाऽ!" आणि खालून आमचे आप्पा "ओऽ!" करून जिना चढायला लागायचे. दिवसातून पाच-सहा वेळा. मिन्जीला कळेना की हा म्हातारा उठसूट वर का येतो. तिनं मला ऑफिसात फोन करून, अगदी हळू आवाजात, घरमालक नजर ठेवतात का, असं विचारलं. इकडे आप्पांनाही कळेना, की पोरगी बोलावते आणि आई दारातच उभी राहते, म्हणजे आत काय आहे? दोन्ही बाजूंनी संशय पिकला होता. अखेर मी सगळ्यांना समोरासमोर बसवून उलगडा केला. हानसाहेब डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. आप्पा हसले नाहीत. "तुला कुनी सांगितलं?" एवढंच म्हणाले. आणि त्यानंतरही ओ द्यायचे ते देतच राहिले. हानसाहेब सकाळी सातला जात, रात्री नवाला येत. दिवसभर त्या हाकेला ओ देणारं घरात दुसरं होतं तरी कोण?

हळूहळू युना खाली यायला लागली. आप्पांनी इनामगावहून हुरडा आणला, अंगणात गोवऱ्यांवर कणसं भाजली, तळहातावर चोळून फुंकर मारली आणि कोवळे हिरवे दाणे तिच्यापुढे धरले. तेवढ्यात मिन्जी धावत आली. तिनं आप्पांच्या हातावरचे चार दाणे उचलले, नाकाशी नेले, वास घेतला, एक दाणा दातानं फोडून पाहिला, थोडं थांबली आणि मग मुलीला खुणेनं खा म्हणाली. मला वाटलं आता आप्पा भडकणार. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई लई शानी हाय!" एवढं कौतुक त्यांनी माझं कधी केलं नाही.

हे असंच चाललं असतं तर बरं झालं असतं.

थंडीचे दिवस होते. युनाला खोकला झाला होता. त्याच आठवड्यात मिन्जीनं शिरूरच्या बाजारातून दोन माठ आणले. आप्पांनी पायरीवर बसून ते वर जाताना पाहिले. "फ्रीज हाय त्यांच्याकं. आन् थंडीत दोन दोन माठ?" मी म्हटलं, असेल काहीतरी. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा कवठे येमाईला बहिणीकडे गेले, देवीचं दर्शन घ्यायचं होतं. त्या रात्री युना खूप रडत होती, मला खाली ऐकू येत होतं. शुक्रवारी मी कामावर गेले, परत आले, तर वर सामसूम.

शनिवारी माझी सुट्टी होती. दुपारी आप्पा परतले, पाय धुवायला मागच्या परसात गेले आणि तिथूनच मला हाक मारली. आवाज नेहमीचा नव्हता. लिंबाच्या झाडाखाली माती ताजी उकरलेली होती आणि मातीतून एका माठाचं बूड वर दिसत होतं. माठ उपडा घातलेला.

"यमुना कुठं हाय?" आप्पांनी विचारलं.

"वर असेल."

"वर कुलूप हाय. कवा बगितलीस तिला?"

मी आठवायला लागले. गुरुवारी रात्री रडणं ऐकलं होतं. त्यानंतर काहीच नाही. मी हानसाहेबांना फोन लावला. कारखान्यात आत जाताना फोन बाहेर ठेवावे लागतात, हे मला माहीत होतं, तरी पाच वेळा लावला. मिन्जीचा बंद. आता सांगायला लाज वाटते. मी शिकलेली बाई, ऑफिसात त्यांच्याकडच्या माणसांबरोबर रोज जेवणारी. पण त्या क्षणी आप्पा जे पाहत होते तेच मलाही दिसत होतं. वाट पाहू या, असं म्हणायचं मला सुचलं नाही.

आप्पा घरात गेले आणि खुरपं आणि रंगाचा जुना ब्रश घेऊन आले. ब्रश! लिंबाखाली मांडी घालून बसले आणि माठाभोवतीची माती बोटाबोटानं मोकळी करत, ब्रशनं झाडत राहिले. माठाला कुठेही धक्का लागू देत नव्हते. वरचा माठ सैल झाला तसं दिसलं, खाली दुसरा माठ होता. तोंडाला तोंड.

आप्पांनी डोळे मिटले. मग वरचा माठ दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवला. खालच्याच्या तोंडावर प्लॅस्टिक बांधलेलं होतं. त्यांनी दोरा सोडला आणि असा वास आला, लसूण, मिरची, आंबट, की माझ्या डोळ्यांतून पाणीच आलं. आत लाल मसाल्यात माखलेली कोबीची पानं होती. किमची. कोरियात जुन्या बायका थंडीत ती मडक्यात भरून जमिनीत पुरतात, म्हणजे ती महिनोन्‌महिने टिकते, हे मला मिन्जीनंच कधीतरी सांगितलं होतं आणि मला ते वेळेवर आठवलं नव्हतं.

"कोबी आहे आप्पा! त्यांचं लोणचं आहे!" मी जवळजवळ ओरडलेच.

पण वरच्या पानांवर विश्वास ठेवतील तर ते आप्पा कसले? त्यांनी बाही न सारता उजवा हात कोपरापर्यंत माठात घातला आणि तळ चाचपला. सगळीकडून चाचपला. मग तसेच, हात आत असतानाच, माठावर कपाळ टेकवून रडायला लागले. मोठा माणूस असा रडताना मी तोवर पाहिला नव्हता. मीही रडत होते आणि हसतही होते.

तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. मिन्जी आणि युना. खोकला हटेना म्हणून शुक्रवारी सकाळी त्या पुण्याला डॉक्टरकडे गेल्या होत्या आणि एका मैत्रिणीकडे राहून आता परतत होत्या. फोनची बॅटरी संपली होती. एवढंच. युना "आप्पा!" म्हणून धावली. मागून मिन्जी आली आणि तिनं पाहिलं: उकरलेली जमीन, तिचा उघडा माठ, त्यात कोपरापर्यंत घातलेला म्हाताऱ्याचा हात. आणि शेजारी उभी मी.

तिनं मुलीचा दंड धरला आणि वर घेऊन गेली. कडी घातल्याचा आवाज खालपर्यंत आला.

सोमवारी हानसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांची बायको घाबरली आहे, म्हणाले. तो माणूस मुलीच्या प्रत्येक हाकेला वर येतो, आणि आता घरात कुणी नसताना आमचं पुरलेलं उकरून खातो. महिनाअखेरीला आम्ही पुण्याला जातो. ते चिडले नव्हते, उलट मलाच सॉरी म्हणत होते.

मी संध्याकाळी आप्पांकडे गेले. "आज वर जाते आणि खरं काय ते सांगून टाकते. ऐकल्यावर राहतील ते."

"काय सांगशील?"

"हेच, की तुम्हाला वाटलं..." मी तिथेच अडखळले.

"म्हन की. तोंडानं म्हन." आप्पा माझ्याकडे रोखून पाहत होते. "तुज्या लेकराला तूच मारून मडक्यात पुरलंस, आसं मला वाटलं. ह्येच सांगनार ना तिला? त्या फोनातनं?"

मी जिन्याकडे टाकलेलं पाऊल मागे घेतलं.

"आजारी पोर घिऊन दोन दिस हिंडली ती. तिच्या कानावर ह्ये घालायचं? मग जवा जवा त्या पोरीला ताप यील, तवा तिला ह्येच आठवंल. न्हाई. चोर म्हनू दे मला. चोर काय, लई असत्यात." मग म्हणाले, "आईची आन हाय तुला. सांगू नगं."

"पण मग त्या जातील आप्पा."

"जातील," आप्पा म्हणाले आणि भाकरीचं पीठ मळायला बसले.

पुढचे तीन आठवडे फार वाईट गेले. युनाला खाली यायला बंदी होती. ती गॅलरीच्या गजांना धरून हाक मारायची, "आप्पाऽ! आप्पाऽ!" आणि खाली पायरीवर बसलेले आप्पा मान वर करायचे नाहीत. ओठ घट्ट मिटून बसायचे. एकदा ती अर्धा तास हाका मारत होती. शेवटी आप्पाच उठले आणि चप्पल न घालता रस्त्यावर निघून गेले. मी दोनदा जिन्याच्या अर्ध्यापर्यंत गेले आणि परत फिरले. कुणाचं चुकलं, याचा मी पुष्कळ विचार केला. विचारायला हवं होतं, एवढंच उत्तर यायचं, आणि ते आप्पांइतकंच मलाही लागू होतं.

निघायचा दिवस रविवार होता. सामान टेम्पोतून पुढे गेलं. हानसाहेब गाडीत बसले, युना मागच्या सीटवर. मिन्जी किल्ली द्यायला आली, तेव्हा तिच्या हातात एक लहान डबा होता. तिनं तो दोन्ही हातांनी आप्पांपुढे धरला आणि वाकली. मग मला इंग्रजीत, शब्द शोधत शोधत, म्हणाली, त्यांना सांगा, हवं होतं तर मागायचं. मी दिलं असतं. आमच्यात नाही म्हणत नाहीत.

मी आप्पांना मराठीत सांगितलं. खरी गोष्ट अगदी दातांपर्यंत आली होती. आप्पांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं.

मग त्यांनी तिथंच, अंगणात उभ्या उभ्या, डबा उघडला आणि कोबीचं एक अख्खं पान बोटांनी उचलून तोंडात कोंबलं. लगेच दुसरं. मसाला हनुवटीवर ओघळला. चेहरा लाल झाला, डोळे भरले, तरी चावणं थांबेना. "सांग तिला," भरल्या तोंडानं म्हणाले, "लई दिसांपास्नं जीव ऱ्हायला नव्हता. म्हातारपनी आशी खा खा सुटती. चुकलं म्हनावं."

मी सांगितलं. मिन्जी त्यांच्याकडे पाहत राहिली आणि त्या महिन्यात पहिल्यांदा हसली, तोंडावर हात ठेवून. खाण्याच्या मोहाला बळी पडलेला एक म्हातारा तिला दिसला असणार, आणि असल्या म्हाताऱ्याला भिण्यासारखं काही नसतं. ती गाडीकडे गेली, मागचं दार उघडलं आणि युनाला उचलून खिडकीशी उभी केली, हात हलवायला.

गाडी सुरू झाली. फाटकाबाहेर पडून मुख्य रस्त्याकडे निघाली. आप्पा खातच होते. त्यांच्या कपाळावर घाम आला होता आणि एकेक घास गिळताना मान पुढे येत होती.

"आप्पा, पुरे," मी म्हटलं. "गेली गाडी. टाका आता तोंडातलं."

"वळली का?"

"नाही अजून. सिग्नलला आहे."

"मग गप," आप्पा म्हणाले. "काचंतनं बगत आसंल ती." आणि त्यांनी डब्यात पुन्हा बोटं घातली.